काठ, बूड आणि पोट : खापरांच्या मागे पुण्याहून सोपाऱ्यापर्यंत

गुरुवार, पुणे

प्रवासाची सुरुवात येरवड्यातूनच झाली. माझी भाची पुरातत्त्वात एम.ए. करते. इनामगाव, नेवासं, दायमाबाद ही उत्खननाची ठिकाणं बघायची म्हणून मी गाडी काढली, तेव्हा तिने अट घातली, की आधी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघायचं. "मामा, तिकडे टेकाडावर तुला ढेकळं आणि बाभळी दिसतील. काय निघालं ते इथे आहे."

खरं होतं. १९३९ साली ही संस्था संशोधनासाठी पुन्हा सुरू झाली, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया इथे आले आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत महाराष्ट्राच्या इतिहासाची सुरुवात सातवाहनांच्या हजार-दीड हजार वर्षं मागे गेली. ती मागे नेली मुख्यतः खापरांनी. तांबं थोडं, मणी थोडे, लेख तर नाहीच. खापरं मात्र पोत्यांनी.

संध्याकाळी घरी तिने सरावाचे तुकडे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मांडले. कोणत्याही उत्खननात माल आला की तो धुतात, वाळवतात आणि खड्डा-थराप्रमाणे ढीग लावतात. मग निवड. काठ एकीकडे, बूड एकीकडे, तोट्या, कान, नक्षीचे तुकडे वेगळे. उरतं ते पोट, म्हणजे भांड्याच्या अंगाचे साधे तुकडे. ते सगळ्यात जास्त असतात आणि त्यांना सगळ्यात कमी विचारतात. मोजायचे, वजन करायचं, पुढे जायचं.

"काठ का महत्त्वाचा?" तर काठावरून तोंडाचा घेर कळतो आणि घेरावरून भांडं. तिने बोटभर लांबीचा एक काठ उचलला, टेबलावर पालथा ठेवला आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणला. तुकडा पुढे-मागे डोलवायचा. काठाखालून उजेडाची फट दिसते तोवर तो चुकीचा बसलाय. फट पूर्ण मिटली की तीच त्या भांड्याची खरी उभी ठेवण. मान आत वळते की बाहेर, ते तेव्हाच समजतं. मग समकेंद्री अर्धवर्तुळं छापलेल्या कागदावर काठाची कमान जुळवायची. ती अठरा सेंटिमीटरच्या रेषेवर बसली. पूर्ण वर्तुळाचा आठ टक्के भाग. अशी टक्केवारी एकाच जातीच्या सगळ्या काठांची मिळवली की एका खड्ड्यात निदान किती रांजण होते याचा अंदाज बांधता येतो. चित्र काढायचं तर मधोमध उभी रेघ, डावीकडे भिंतीचा छेद, उजवीकडे बाहेरचं रूप. मी एक काढलं. तिने ते बघून चहा टाकला.

शुक्रवार, इनामगाव

शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे. ऊसतोडणी जोरात होती, त्यामुळे न्हावऱ्यापर्यंत आम्ही ट्रॉल्यांच्या मागेच. त्या वेळात भाचीने इजिप्त काढलं.

खापरांवरून क्रम लावण्याचा मूळ पुरुष म्हणजे इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री. १८९४-९५ मध्ये त्याने नकादाला कबरींचं प्रचंड मैदान खणलं. हजारो कबरी, त्यांत मातीचे आणि दगडाचे घडे, पण लेख नाही, राजाचं नाव नाही आणि एकावर एक थरही नाहीत, कारण कबरी शेजारी शेजारी. कोणती आधीची कसं ठरवणार? त्याने भांड्यांच्या जाती पाडल्या, प्रत्येक कबरीसाठी कागदाची एक पट्टी केली, तीत सापडलेल्या जाती लिहिल्या आणि सारखा माल असलेल्या पट्ट्या जवळ येतील अशा हलवत बसला. वाट दाखवली ती एका घड्याने. त्याला दोन्ही बाजूंना नागमोडी पकडी होत्या. सुरुवातीला घडा गरगरीत आणि पकडी खरोखर धरण्याजोग्या. पुढे घडा बारीक होत नळकांडं झाला आणि पकडीची उरली फक्त अंगाभोवती एक नागमोडी रेघ. मग त्याने ३० ते ८० असे आकडे दिले. तीसपासून का, तर त्याहून जुनं काही सापडलं तर जागा असावी म्हणून. हा सावधपणा मला फार आवडला. १८९९ मध्ये त्याने ही पद्धत मांडली; वर्षं नाहीत, नुसता क्रम.

"पण क्रम उलटाही असू शकतो की," मी म्हटलं. आधी रेघ, मग पकड.

"असू शकतो. म्हणून टोक एखाद्या माहीत असलेल्या गोष्टीला बांधावं लागतं. आपल्याकडे थर असतात, आपण सुखी."

इनामगावची पांढरी घोड नदीच्या काठावर आहे. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी, भुसभुशीत माती. खत म्हणून शेतात टाकायला अशी टेकाडं कित्येक गावांनी उपसून नेली. इथे १९६८ ते १९८३ असं उत्खनन चाललं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी. शंभराहून अधिक घरं उघडी पडली. काळांना नावं खापरांच्या जातींवरून. खाली माळवा काळ, साधारण इ.स.पू. १६०० ते १४००. मग पूर्व जोर्वे, १००० पर्यंत. वर उत्तर जोर्वे, ७०० पर्यंत. सिंधपासून दख्खनपर्यंतच्या जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी एवढी सविस्तर वाचलेली फार थोडी. आता जागेवर काय आहे? गवत, मेंढ्यांच्या वाटा आणि पावसाने उघडे पडलेले तुकडे. काही उचलायचं नाही, पायाने उलटवायचंही नाही, हा भाचीचा नियम. बसून बघायचं.

बसल्यावर ते दिसायला लागतात. विटकरी लाल, पातळ, वर काळ्या रेघा, कडा स्वच्छ तुटलेली, तो जोर्वे. बारीक मळलेली माती आणि चांगली भाजणी; असा तुकडा टिचकी मारली तर धातूसारखा वाजतो. माळव्याचा त्याहून जाडसर, लेप पिवळट-नारिंगी, आणि नक्षी हौसेची. तिसरा प्रकार राखाडी, खरबरीत, हाताने घडवलेला. दिसायला सगळ्यात गरीब हाच. माझं लक्ष नक्षीकडे, तिचं याच्याकडे.

कारण मुलं यात पुरत. घराच्या जमिनीखाली खड्डा, त्यात दोन राखाडी घडे आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि आत मूल. मोठ्यांना खड्ड्यात उताणं ठेवत, आणि बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली. का, यावर मतं आहेत; मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून, हे जास्त सांगितलं जातं. मला ते पटतं असं नाही, पण दुसरं सुचतही नाही.

आणि एक अपवाद. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर, त्यालाच धान्याचं कोठार, आणि अंगणात पुरलेला चार पायांचा, गरगरीत पोटाचा, कच्च्या मातीचा रांजण. त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. पावलं शाबूत. घर, कोठार आणि ही बैठक यांवरून तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने हा रांजण म्हणजे डोकेदुखी आहे. याच्या जातीचं दुसरं काही रोजच्या भांड्यांत नाही. भाजलेला नाही, म्हणजे पाणी ठेवण्याच्या कामाचा नव्हता. चार पाय कणगीला असतात तसे, पण पोट घड्याचं. भाचीच्या मते त्याला भांडं म्हणूच नये, ते घर आहे. आम्ही यावर काष्टीपर्यंत वाद घातला.

उत्तर जोर्वेत सगळंच उतरतं. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, भांडी जाड होतात, नक्षी कमी होते. इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊस कमी झाला असावा असं ढवळीकरांचं म्हणणं. घोडकाठी उभं राहून ते सहज पटतं. धरणाचं पाणी सोडलं तर हा मुलूख आजही कोरडाच.

शनिवार, नेवासं

नगरला मुक्काम, सकाळी नेवासं. पैस खांबाचं दर्शन घेतलं, कारण नेवाशात येऊन ते न करता परतलो असतो तर घरी कोणी ऐकून घेतलं नसतं. मग लाडमोड. प्रवरेच्या काठावरचं हे टेकाड १९५४ ते १९५६ मध्ये खणलं गेलं आणि एकाच गावात दगडी हत्यारांच्या काळापासून मुसलमानी अमलापर्यंतची रांग लागली.

सातवाहन थरांत इथे रोमन अँफोराचे तुकडे मिळाले. उंच, निमुळता घडा, खाली टोक, मानेपासून खांद्यापर्यंत दोन कान. भूमध्य समुद्राकडची दारू आणि तेल यातून जहाजाने येई. टोकदार बूड आपल्याला विचित्र वाटतं, पण जहाजाच्या पोटात घडे एकमेकांच्या खोबणीत रचायचे तर तेच सोयीचं. शिवाय ओतताना खालून धरायला मूठ होते. समुद्रापासून एवढ्या आत, घाट चढून, प्रवरेच्या काठी कोणीतरी परदेशी दारू मागवत होतं. बंदरात अँफोरा मिळणं वेगळं आणि नेवाशात मिळणं वेगळं.

पण या अँफोरांच्या गोष्टीला पुढे फाटा फुटला. १९४५ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ व्हीलरने पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला रोमन माल ओळखला. त्यानंतर भारतात जाड भिंतीचा, टोकदार बुडाचा परदेशी दिसणारा तुकडा निघाला की त्यावर 'अँफोरा' अशी चिठ्ठी लागू लागली. रोबर्टा टोम्बर या संशोधक बाईंनी ठिकठिकाणच्या संग्रहांतले हे तुकडे पुन्हा हातात घेतले आणि २००७ मध्ये मांडलं, की यातले बरेच रोमन नाहीतच. ते टॉर्पेडो घडे, इराण-इराकच्या बाजूचे, सासानी आणि त्यानंतरच्या इस्लामी काळातले. बूड दोन्हींचं निमुळतं. मग फरक कुठे? टॉर्पेडोला कान नसतात. काठ फुगीर, जवळजवळ मानेशिवाय. आणि आतून काळा थर, नैसर्गिक डांबराचा, झिरपू नये म्हणून दिलेला. घारापुरीपासून केरळातल्या पट्टणमपर्यंत असे तुकडे आहेत, आणि काही ठिकाणच्या डांबराच्या रासायनिक तपासण्या इराणकडेच बोट दाखवतात.

याने किती फरक पडला बघा. चिठ्ठी बदलली की माल बदलतो, देश बदलतो आणि काळ चार-पाचशे वर्षांनी पुढे सरकतो. रोमचा व्यापार आटल्यावर पश्चिम किनारा ओस पडला, असं आम्ही शाळेत शिकलो. आतून काळे असलेले हे घडे तसं म्हणू देत नाहीत. किनाऱ्यावरचे लोक दुसऱ्यांशी व्यापार करत होते, एवढंच. मी भाचीला विचारलं, इतकी वर्षं कोणी आत बघितलं नाही का? "बघितलं असेल. पण डांबर बहुतेक वेळा पोटाच्या तुकड्यावर असतं, आणि चिठ्ठी लागते काठाला नि बुडाला."

दुपारी नेवासा फाट्यावर जेवलो. भाकरी बरी होती, भाजी तेलात पोहत होती.

रविवार, दायमाबाद, जोर्वे, संगमनेर

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. शेवटचा पट्टा कच्चा आहे आणि खाली गाडी घासते. बो. पु. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ही जागा शोधली; म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. आ. साळी या तिघांनी आपापल्या पाळीत खणली. लोकांना ठाऊक आहे ते १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं मूळ खणताना मिळालेलं काशाच्या मूर्तींचं घबाड: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोहून जास्त वजन. त्यांचा काळ कोणता यावर अजून भांडण आहे, कारण ते थरातून आले नाहीत. त्यांच्या शेजारी एक साधा काठ जरी निघाला असता तर भांडण निम्मं झालं असतं.

खापरांचं मात्र इथे भांडण नाही. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे अशा पाच जाती एकावर एक, इ.स.पू. २२०० पासून १००० पर्यंत. सावळद्याच्या भांड्यावर बाण आणि मासे. दायमाबादच्या स्वतःच्या जातीचा रंग सायीसारखा. पेट्रीला कागदाच्या पट्ट्या हलवून जे करावं लागलं ते इथे जमिनीनेच करून ठेवलंय. टेकाडावर वारा होता, आम्ही फार थांबलो नाही.

जोर्वे संगमनेरच्या अलीकडे. सगळ्या महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण काळाला, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळाला, नाव देणारं हे गाव, खणलं गेलं १९५०-५१ मध्ये, नाशिकच्या जोडीने. चहाच्या टपरीवर विचारलं तर एका आजोबांना माहीत होतं, बाकीच्यांना नाही. कोकण आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर राज्यात जिथे तिथे ही खापरं निघतात. त्यांची खूण म्हणजे तोटीचा घडा: तोंड फाकलेलं, पोट गरगरीत आणि खांद्याला लांब नळीची तोटी. तोटी वेगळी वळून, खांद्याला भोक पाडून चिकटवलेली. त्यामुळे निखळली की ती एकटीच मिळते आणि घडा तोटीविना.

संगमनेरच्या बाहेर रस्त्याकडेला माठ मांडलेले दिसले. आमच्या प्रवासातलं सगळ्यात उपयोगी ठिकाण हेच निघालं. कुंभारकाकांचं चाक विजेवर चालतं. त्यांनी गोळा टाकला, दोन मिनिटांत काठ आणि मान उभी केली, पण खालचं अंग जाड, बेढब, उघड्या बुडाचं ठेवून तो चाकावरून उतरवला. "आता हे सुकू द्यायचं थोडं." आदल्या दिवशीचा एक अर्धवट सुकलेला त्यांनी मांडीवर घेतला. डाव्या हातात दगडी गोटा, तो आतून लावलेला. उजव्या हातात लाकडी थापटणं. बाहेरून थाप, आतून गोटा, राखेचा हात, पुन्हा थाप. घडा मांडीवर फिरत राहिला, पोट फुगत गेलं, भिंत पातळ होत गेली आणि बूड हळूहळू मिटलं. माझं सगळं लक्ष त्या मिटणाऱ्या भोकावर.

भाचीने हात आत घालायची परवानगी मागितली. मग मला सांगितलं, तूही घाल. मानेच्या आत बोटाला चाकाचे आडवे वळ लागतात, एकसारखे. दोन बोटं खाली सरकलं की वळ संपतात आणि गोट्याचे उथळ खळगे सुरू होतात.

"हा फुटला आणि दोन तुकडे दोन खड्ड्यांत गेले, तर मी एक चाकावरचा म्हणून लिहीन आणि दुसरा हाताचा म्हणून," ती म्हणाली. "दोन जाती. भांडं एक."

काकांना यात विशेष वाटलं नाही. "पोटावरनं काय कळणार? पोट सगळ्यांचं सारखंच," ते म्हणाले आणि माठाचे दीडशे सांगून एकशेवीसला दिले.

सोमवार, नालासोपारा

नाशिकमार्गे खाली उतरलो. सोपारा माझ्या हट्टाने जोडलेला, कारण इथे एका दगडी भांड्यात बाकीची भांडी निघाली.

इथल्या बौद्ध स्तूपाच्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ते मधोमध उघडलं. विटांच्या बांधकामात गोल दगडी करंडा, झाकणासकट. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते असावेत, असं भगवानलालांचं मत. आज स्तूपाभोवती कुंपण आहे, आत झाडं, बाहेर रिक्षा. करंडे एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात मुंबईला.

हे वर्गीकरणाच्या कोणत्या तक्त्यात बसवायचं? घाट बघावा तर करंडे साधेच. माल बघावा तर बाहेरून आत किंमत वाढत जाते आणि सोन्याच्या आत एकदम खापर. तारीख तर आणखी अवघड. आत गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. पण त्याच दगडी करंड्यात, तांब्याच्या करंड्याभोवती, आठ छोट्या धातूच्या बुद्धमूर्ती बसवलेल्या होत्या, आणि त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकाची.

मी नाण्याच्या बाजूने होतो. नाण्यावर राजाचं नाव असतं, मूर्तीची शैली म्हणजे मताचा विषय. भाचीने मान हलवली. नाणं इतकंच सांगतं, की ठेवलं ते त्याच्या आधी नाही. जुनं नाणं कधीही ठेवता येतं, नव्या मूर्ती जुन्या काळात ठेवता येत नाहीत. म्हणजे दगडी झाकण आठव्या-नवव्या शतकात किंवा त्यानंतर कोणीतरी लावलं, एवढं पक्कं. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, हे करंड्यावरून ठरत नाही.

"मग नोंदीत काय लिहायचं?"

"दोन्ही तारखा. आणि तेरा तुकडे, अंगाचे, घाट अज्ञात."

तिला विरारवरून गाडी पकडायची होती. मी माठ मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला आणि हायवेला लागलो.